काटेमास्तरांची पट्टी आणि टपालताईंचे पाय

सुज्ञ वाचकहो, एका प्रामाणिक मनुष्याच्या हातून प्रामाणिकपणानेच घडलेल्या एका चुकीची, आणि ती चूक चारचौघांत कबूल करण्यास त्यास किती धैर्य लागले याची हकीकत येथे सादर करण्यात येत आहे. या हकीकतीत खून नाही, प्रेमप्रकरण नाही व गुप्तधनही नाही. एक पोलादी पट्टी, एक दोरी व दोन पाय आहेत. तेवढ्यावर वाचकांनी समाधान मानावे, ही नम्र विनंती.

वजनकाटे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. त्यांचे दुकान आठ बाय दहाचे. भिंतींवर स्प्रिंगचे टांगते काटे, खाली पारड्यांचे तराजू, आणि मधोमध एका स्टुलावर स्वतः मास्तर, डोळ्याला भिंग लावून. दुकान बंद करताना ते प्रत्येक टांगत्या काट्याच्या आकड्यावरून वजन उतरवून ठेवीत. "दिवसभर ताणलेल्या स्प्रिंगला रात्री सुट्टी पाहिजे," असे ते म्हणत. त्यांच्या पत्नीचे यावर एक ठरलेले उत्तर असे. "दुकानातल्या स्प्रिंगला सुट्टी आहे हो, घरातल्या बाईला नाही."

तरुणपणी मास्तर लांब पल्ल्याचे धावपटू होते. बेचाळीस किलोमीटरची शर्यत त्यांनी अकरा वेळा पुरी केली. बाराव्या वेळी कंबरेने असा असहकार पुकारला, की पायमोजा चढवायलासुद्धा पत्नीला हाक मारावी लागे. औषधे झाली, कंबरपट्टे झाले. अखेरीस कोणीतरी योगासनांचा मार्ग दाखविला, आणि दीड वर्षात मास्तर पुन्हा धावू लागले. आता, ज्या औषधाने आपल्याला गुण आला ते दिसेल त्याला पाजावे, असे मनुष्यमात्रास वाटतेच. मास्तर तर जात्याच परोपकारी. त्यांनी शेजारच्या कापडगोदामाची गच्ची मागून घेतली व पहाटे सहा वाजता वर्ग सुरू केला. अर्धा तास आसने, दहा मिनिटे श्वासाचा अभ्यास, आणि मग सगळ्यांनी जिना उतरून तलावाभोवतीच्या रस्त्याने धावायचे. चार पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. तो रस्ता बरोबर दहा किलोमीटरचा होता. बरोबर म्हणजे मास्तरांनी चाक फिरवून स्वतः मोजलेला, तेव्हा शंकेला जागा नाही.

मोजणे हा मास्तरांचा धर्मच होता. दर रविवारी ते प्रत्येक शिष्याला गुडघे न वाकवता खाली वाकायला लावीत, स्वतः गुडघ्यांवर बसत आणि पोलादी पट्टीने बोटाच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर घेत. हा आकडा निळ्या वहीत जाई. ती वही गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत असे. धावण्याच्या वेळा लाल वहीत जात, आणि ती दुकानात स्टुलाखाली असे. दोन्ही वह्या नीटनेटक्या होत्या. परंतु त्या दोघींची एकमेकींशी गाठभेट कधी झाली नव्हती. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या वर्गात टपाल वाटणाऱ्या एक बाई येत. वय बेचाळीस, अंगाने सडसडीत, सोळा वर्षे खांद्याला थैली लावून जिने चढलेल्या. सगळे त्यांना टपालताई म्हणत. धावताना त्यांचे पाऊल जमिनीला लागले न लागले तोच वर उडे. मात्र वाकायचे म्हटले की सागाच्या फळीलाही त्यांची कीव यावी. पहिल्या रविवारी पट्टीने सत्तावीस सेंटीमीटर दाखवले. वर्गातले ड्रायव्हरकाका, ज्यांना जीभ आवरण्याचे आसन अद्याप साधले नव्हते, लगेच म्हणाले, "ताई, जमिनीच्या नावानं पत्र आलंय. तेवढं खाली ठेवा की!"

"घरपोच देते मी, काका. जमिनीनं वर येऊन सही करून घ्यावं."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते सत्तावीसच्या आकड्याकडे पाहत होते.

वर्ग सुटल्यावर ताईंनी आपले येण्याचे कारण सांगितले. तलावाकाठची बेचाळीस किलोमीटरची शर्यत त्या मागच्या वर्षी धावल्या होत्या. त्या शर्यतीत तिसाव्या किलोमीटरला एक दोरी असते. साडेतीन तासांच्या ठोक्याला ती आडवी होते. मागे राहिलेल्यांना बसमध्ये बसवून आणतात. ताई चार मिनिटे उशिरा पोचल्या होत्या.

"सोळा वर्षांत एक पत्र माझ्या हातून उशिरा गेलं नाही, मास्तर. आणि मी स्वतः चार मिनिटं उशिरा पोचले. बसमध्ये बाजूचा माणूस मजेत केळं खात होता. मला म्हणाला, घ्या अर्धं. मला त्या केळ्याचा इतका राग आला म्हणून सांगू!"

"मग यंदा पुन्हा धावायचं."

"यंदाच. पुढच्या वर्षी मला बढती आहे. खिडकीवर बसवणार. दिवसभर बसून हे पाय किती दिवस माझे राहतील? मला त्या दोरीपलीकडं एकदा जायचंय. तिथून पुढचा रस्ता मी पाहिलेलाच नाही."

मास्तरांनी पट्टी हातात घेतली. "तुमची चार मिनिटं कुठं अडकलीत ते मला दिसतंय, ताई. ती या सत्तावीस सेंटीमीटरांत आहेत. ही फळी मोकळी झाली की पाय आपोआप पुढं पडतील."

हे ते पूर्ण विश्वासाने बोलले. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत तसेच घडले होते.

पुढील नऊ महिने ताई निष्ठेने वाकल्या. सकाळी गच्चीवर, दुपारी टपालघराच्या मागच्या व्हरांड्यात, संध्याकाळी घरी पलंगाचा पाय धरून. सत्ताविसाचे एकोणीस झाले, एकोणिसाचे अकरा, अकराचे चार. आणि एका रविवारी त्यांची बोटे सपाट जमिनीला टेकली! मास्तर गुडघ्यांवर बसल्या बसल्या पट्टी शोधत राहिले, कारण पट्टी घालायला जागाच नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्रायव्हरकाका ओरडले, "पोचलं बुवा पत्र एकदाचं!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी तरारले. त्यांच्या पत्नी पाण्याची कळशी घेऊन वर आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आपल्या लग्नात एवढे खूश नव्हता हो तुम्ही."

इकडे लाल वही मात्र वेगळेच बोलत होती. दहा किलोमीटरच्या फेरीला ताईंना सुरुवातीस चौसष्ट मिनिटे लागत. मध्यंतरी साडेचौसष्ट झाली. मग पासष्ट. मग साडेसहासष्ट. मास्तरांना प्रत्येक वेळी कारण सापडे. एकदा बूट जुने झाले होते, एकदा थैली जड होती, एकदा वारा समोरून होता. ताई एकदा म्हणाल्या, की बसतो ना आपण, त्या हाडाच्या खाली काहीतरी टोचतं, खुर्चीवर टेकवत नाही.

"तिथंच तर गाठ आहे, ताई. ती सुटतेय. तीन मिनिटं धरून ठेवा, पाच धरा."

ताईंनी पाच धरली.

शर्यतीला पाच आठवडे राहिले असता एक भाजीवाले दुकानात आले. त्यांच्या गाडीवर बारा महिने भोपळे असत, म्हणून त्यांस भोपळेशेठ म्हणत. त्यांनी आपला टांगता काटा मास्तरांपुढे आदळला.

"मास्तर, बघा याचं काहीतरी. गिऱ्हाईक भांडतंय. काही टांगलेलं नाही तरी दोनशे ग्रॅम दाखवतो."

मास्तरांनी काटा भिंतीला लावला. सुई शून्याच्या पुढे जाऊन सुस्तावून बसली होती. "याला काय टांगलं होतंत, शेठ?"

"काही नाही हो. रात्री गाडीवर जागा नसते, म्हणून पोतं त्यालाच अडकवतो. रोज थोडं थोडं. सवय व्हावी म्हणून."

"सवय? स्प्रिंगला?"

"म्हणजे ती जरा मोकळी होईल, जास्त वजन घेईल, असं आपलं मला वाटलं."

मास्तर खो खो हसले. "अहो शेठ, स्प्रिंगचं सगळं मोल तिच्या ताठपणात असतं. तुम्ही खाली ओढा, तिनं वर उडी मारली पाहिजे. रोज ताणून ताणून तिला मोकळी केलीत, तर ती लांब होईल खरी, पण उडी मारायची विस..."

वाक्य तेथेच थांबले. मास्तरांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच अधांतरी राहिला. भोपळेशेठ म्हणाले, "काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही. तुम्ही काटा ठेवून जा. उद्या या."

मास्तरांनी दुपारीच दुकान ओढून घेतले, गच्चीवर जाऊन निळी वही आणली, स्टुलाखालची लाल वही काढली आणि दोन्ही घरी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. पत्नी मटार सोलत होत्या.

"अगं, ही निळी वाच. ताईंच्या नावापुढचे आकडे. एकेक महिना."

"सत्तावीस."

"चौसष्ट."

"एकोणीस."

"साडेचौसष्ट."

"अकरा."

"पासष्ट."

"चार. पुढं शून्य."

"साडेसहासष्ट," मास्तर म्हणाले आणि त्यांनी भिंग काढून ठेवले.

पत्नींनी मटाराची शेंग तशीच हातात धरली. "अहो, हे तर तराजूचं पारडं झालं. एक खाली गेलं की दुसरं वर."

"नऊ महिने मी त्या बाईच्या पायातली उडी ओढून काढली. माझी कंबर आखडलेली होती, म्हणून मला वाकणं मानवलं. तिचा ताठपणा हा रोग नव्हताच. ते तिचं भांडवल होतं. आणि मी, जन्मभर स्प्रिंगा तपासणारा माणूस!"

"मग आता?"

"आता सांगायचं तिला."

"तिला एकटीला? टाळ्या तर सगळ्यांसमोर वाजल्या होत्या."

मास्तरांनी दोन्ही वह्या मिटून पिशवीत ठेवल्या. बोलायचे होते दुसऱ्याच दिवशी. परंतु गुरुवारी त्यांचा घसा बसला, शुक्रवारी ताई लवकर गेल्या, शनिवारी आभाळ भरून आले होते. शनिवारी संध्याकाळी पत्नींनी पोलादी पट्टी घासून-पुसून मास्तरांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवली.

रविवारी वर्ग रांगेत उभा राहिला. ताई सवयीने पुढे येऊन वाकणार, तोच मास्तर म्हणाले, "वाकू नका." मग त्यांनी दोन्ही वह्या उघडून सगळ्यांना आकडे वाचून दाखवले. एकही आकडा गाळला नाही. "चूक ताईंची नाही, बुटांची नाही, वाऱ्याची नाही. चूक माझी आहे. मी सगळ्यांना एकच पट्टी लावली."

ड्रायव्हरकाकाही गप्प होते, यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या लक्षात यावे.

ताई म्हणाल्या, "मला दोन महिन्यांपासून कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार? तुम्ही पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसायचात. अर्धा सेंटीमीटर कमी झाला तरी तुमचा चेहरा असा व्हायचा, जसं काही नातवंड पहिलं पाऊल टाकतंय. त्या चेहऱ्याला कोण सांगणार, की माझे पाय जड पडतायत म्हणून?" मग त्यांचा स्वर बदलला. "पण राग आलाय, मास्तर. खोटं नाही बोलत. पट्टी तुमची होती, दोरी माझी आहे."

"हो."

"पाच आठवडे राहिलेत."

"हो, ताई."

"ढिली झालेली स्प्रिंग परत घट्ट होते?"

मास्तरांना खोटे आश्वासन देता आले असते. "पोलादाची नाही होत," ते म्हणाले. "माणसाची होते असं ऐकलंय. किती होते ते मला माहीत नाही. या वेळी मी अंदाजानं काही करणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवू."

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना पालथे झोपवले, एक बोट दाबले आणि ताई किंचाळल्या. मांडीचा मोठा स्नायू जिथे बसायच्या हाडाला चिकटतो, ती जागा ओढून ओढून दुखावली होती. "कोणी सांगितलं एवढं वाकायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"यांनी," ताई म्हणाल्या.

"मी," मास्तरही त्याच क्षणी म्हणाले.

ओढणे बंद, बळ वाढवणे सुरू, असा हुकूम झाला. मास्तरांनी तो लाल वहीत शब्दशः उतरून घेतला. मग पाच आठवडे त्यांनी ताईंचे वेळापत्रक नव्याने बांधले. योग सोडला नाही, कारण दोष योगाचा नव्हता, मात्रेचा होता. वीरभद्रासनात पाय रोवून उभे राहणे. अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे उत्कटासन, मांड्या थरथरेपर्यंत. एका पायाच्या चवड्यावर हळूहळू वर, हळूहळू खाली. टोचणे कमी झाल्यावर गोदामाचा जिना आणि दोरीवरच्या उड्या. शेवटी शवासन आणि श्वासाची तीच चार पावलांची मोजणी. ड्रायव्हरकाका मात्र पूर्ववत वाकतच राहिले, कारण वीस वर्षे गाडी हाकून आखडलेल्या त्यांच्या पाठीला त्याचीच गरज होती. ज्याची त्याची पट्टी निराळी.

लाल वहीत साडेसहासष्टाचे पासष्ट झाले, मग साडेचौसष्ट. शेवटच्या आठवड्यात त्रेसष्ट. मास्तर आकडा लिहीत व वही मिटत.

आता योगायोग पाहा. शर्यतीच्या समितीने तिसाव्या किलोमीटरची दोरी मास्तरांच्याच हाती दिली. घड्याळाच्या बाबतीत त्यांच्यासारखा पक्का माणूस दुसरा नाही, असे सर्वांचे मत पडले. मास्तर नकार देणार होते. ताईंनी अडवले.

"तुम्हीच धरा. दुसऱ्यानं धरली आणि मी अडकले, तर मला जन्मभर वाटेल की त्याचं घड्याळ पुढं होतं."

शर्यतीच्या सकाळी मास्तर रस्त्याच्या कडेला दोन पिंपांच्या मध्ये उभे राहिले. एका पिंपाला दोरीचे एक टोक बांधलेले, दुसरे त्यांच्या हाती. शेजारी पत्नी, त्यांच्या शेजारी भोपळेशेठ. तीन तास वीस मिनिटे झाली. माणसे येत होती व जात होती. पंचवीस झाली. सत्तावीस झाली. मागची रिकामी बस इंजिन चालू करून उभी होती.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ताई दिसल्या. अंतर चारशे पावलांहून अधिक असावे. त्यांचा उजवा पाय किंचित ओढल्यासारखा पडत होता, पण ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार.

पत्नींनी पदर खोचला आणि हाका मारायला सुरुवात केली. "या ताई, या! पत्र द्यायचंय!"

मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. भोपळेशेठ त्यांच्या कानाशी लागले. "मास्तर, दहावीस सेकंद इकडं तिकडं झाली तर काय मोठं आभाळ कोसळतंय? तुमच्यामुळंच तर बिचारीला..."

"शेठ," मास्तर घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, "तुमच्या काट्याच्या दोनशे ग्रॅमांना मी असंच म्हटलं असतं, तर चाललं असतं का?"

शेठ खाली मान घालून बाजूला झाले.

एकोणतीस मिनिटे. ताईंचा चेहरा आता स्पष्ट दिसत होता. शेवटच्या चढावर त्यांचा वेग क्षणभर मंदावला, मास्तरांची दोरीवरची मूठ आवळली. आणि मग ते पाऊल पुन्हा दिसले. वर्गात प्रथम आल्या तेव्हाचे, लागले न लागले तोच वर उडणारे.

"वेळ?" दोरी ओलांडता ओलांडता ताई ओरडल्या.

"एकोणीस सेकंद शिल्लक!"

"ठेवा तुमच्याकडं!"

त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. साडेतीनच्या ठोक्याला मास्तरांनी दोरी ताणून दुसऱ्या पिंपाला बांधली. सहा सेकंदांनी एक स्थूल गृहस्थ धापा टाकत आले आणि दोरीवर पोट टेकवून उभे राहिले. "सोडा ना साहेब! सहाच सेकंद!"

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आपली पाण्याची बाटली त्यांना दिली आणि स्वतः बसपर्यंत पोचवायला गेले. "रविवारी गच्चीवर या," ते म्हणाले. "आधी तुमचे पाय काय म्हणतात ते ऐकू. मग बघू काय करायचं ते."

ताईंनी चार तास पंचावन्न मिनिटांत शर्यत पुरी केली. दोरीपलीकडचा रस्ता कसा होता, असे पत्नींनी विचारता त्या म्हणाल्या, "काही नाही हो वहिनी, अलीकडच्यासारखाच. उगाच एवढं मनाला लावून घेतलं." आणि मग वहिनींच्या गळ्यात पडून रडल्या.

पुढच्या रविवारी मास्तर नवी वही घेऊन आले. तिला एकाच पानावर दोन रकाने होते. डॉक्टरीणबाईंची परवानगी घेऊन, दुखणार नाही इतपतच, ताई वाकल्या. मास्तर गुडघ्यांवर बसले. पट्टीने सहा सेंटीमीटर दाखवले. जमीन सहा सेंटीमीटर दूर गेली होती.

"पत्र परत आलं वाटतं!" ड्रायव्हरकाका म्हणाले.

मास्तरांनी मान वर करून ताईंना विचारले, "तुम्हाला कसं वाटतं? खरं सांगायचं."

"सहा ठीक आहे," ताई थोडा विचार करून म्हणाल्या. "एवढं माझं मला राहू द्या."

मास्तरांनी रकान्यात सहा लिहिले आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरात "उत्तम" असे लिहिले. आणि त्या सहा सेंटीमीटरांना, शून्याला वाजल्या होत्या त्याहून मोठ्या टाळ्या वाजल्या.

ही हकीकत मला मास्तर, त्यांच्या पत्नी व ताई या तिघांनी निरनिराळ्या वेळी सांगितली व जेथे तिघांचे एकमत झाले तेवढेच मी लिहिले. दोरीपाशी जे लाजिरवाणे बोलणे झाले ते माझेच होते. ते गाळण्याचा मोह झाला होता, पण मास्तरांचे आकडे आठवून गाळले नाही. माझे शिक्षण बेताचे आहे. भाषेत काही उणे-अधिक असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी. आपण वेळ काढून येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. माझ्या काट्याला नवी स्प्रिंग बसली असून सुई शून्यावर उभी आहे.

आपला नम्र,
भोपळेशेठ